पावती नसलेली झडती

तिसऱ्या मजल्यावर ब्लाझेना वेसेल्कोवा टाइप करायला बसली की खालच्या मजल्यावरची ह्रोन्कोवाबाई आपला रेडिओ मोठा करायची. या विषयावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बाईला गाण्याचा कान नव्हता आणि शेतकी बातम्यांशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं, पण तिने सतरा-अठरा वर्षं बीटच्या पिकाचे आकडे भिंती हादरतील एवढ्या आवाजात ऐकले. आमच्या चेक मुलखातल्या त्रेबीच गावात तेव्हा ज्याला धाडस म्हणता येईल ते बहुतेक या जातीचं होतं. रणगाड्यापुढे आडवं पडणारा एकही नव्हता. रेडिओ मोठा करणारे मात्र होते.

ब्लाझेना दिवसा सरकारी नोटरीच्या कचेरीत मृत्युपत्रं आणि घरांच्या वाटण्या टाइप करी. संध्याकाळी घरी येऊन सूप गरम करी, टाइपरायटरखाली घडी केलेली घोंगडी घाली आणि ज्या लेखकांची नावं ग्रंथालयाच्या यादीतून खोडली होती त्यांची पुस्तकं टाइप करी. पातळ कागद बारा, मधे कार्बन अकरा. बोट नुसतं टेकवलं तर चौथ्या कागदापुढे काही उमटत नसे, म्हणून प्रत्येक अक्षर खिळा ठोकावा तसं ठोकावं लागे. चूक झाली तर ती बाराही कागदांवर खोडायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कायमची वाकडी झाली. पहिल्या पानावर एक ओळ ठरलेली असे: ‘या मजकुराची नक्कल करण्यास लेखकाची सक्त मनाई आहे.’ पोलिसांनी पकडलं तर लेखकाला म्हणता यावं की मी तर नको म्हटलं होतं. वाचणारा ती ओळ वाचून हसायचा आणि नक्कल करायला बसायचा.

ती स्वतः वाचणारी बाई नव्हती. नवरा रेल्वेत होता, तो एकोणसत्तर साली छातीच्या दुखण्याने गेला, मूलबाळ नाही. तिला या कामात ओढलं आलोइस वावेर्का यांनी. ते तिचे शाळेतले मास्तर, चेक आणि रशियन शिकवणारे. अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले आणि सप्टेंबरमध्ये मास्तरांच्या वर्गातल्या पोरांनी रशियनची पुस्तकं मिटून बाकावर पालथी ठेवली. मास्तर म्हणाले, “पोरांनो, रणगाडे त्यांच्या सरकारचे आहेत. कविता त्यांच्या कवींच्या आहेत, आणि त्या कवींना त्याच सरकारने उपाशी मारलंय. उघडा पुस्तकं.” पोरांनी ती उघडली नाहीत, आणि हे वाक्य बाहेर गेलं. मग रशियन कवींची बाजू घेतली म्हणून गाव मास्तरांवर रुसलं आणि रशियन सरकारला नावं ठेवली म्हणून शाळेने त्यांना काढलं. सगळीकडून मार खाण्याचा असा योग फार थोड्यांच्या कुंडलीत असतो. त्यांना इस्पितळाच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा घालायचं काम मिळालं. तिथे ऊब होती, एकांत होता आणि दोन खेपांच्या मधे चाळीस मिनिटं मोकळी होती. त्या चाळीस-चाळीस मिनिटांत सहा वर्षं मास्तर एक कादंबरी लिहीत होते.

या कारभारात तिसरा होता ओताकार ड्रोझ्दा. मास्तरांचा बालमित्र, बुटांच्या कारखान्यात कोठाराचा कारकून. कागद आणि कार्बन तो आणी. एका दुकानातून एकदम शंभर कार्बन घेतले तर दुकानदाराला पोलिसांत कळवावं लागे, म्हणून तो शनिवारी सायकल काढून पाच गावांत हिंडायचा, प्रत्येक दुकानातून दहा. तोंडाचा फटकळ.

“ब्लाझेना, अगं, हा कवी इतकी कडवी कशाला लिहितो?” तो कार्बनची चळत टेबलावर टाकत म्हणे. “विचार त्याला. त्याच्या प्रेमभंगापायी माझ्या मांड्या भरून आल्या.”

“तू वाचलीस का कविता?”

“मी कशाला वाचू? मी वाहतूक खातं आहे.”

पण तो वाचायचा. बारावी प्रत, उजेडाला धरून अक्षरं लावावी लागणारी, ती तोच मागून न्यायचा आणि परत देताना पान अमुक वर एक शब्द गळलाय असं सांगायचा.

या घरात येणाऱ्या माणसाने दारावर बोटाने तीनदा ठोकायचं, घंटी वाजवायची नाही, असा मास्तरांचा नियम होता. घंटी वाजली म्हणजे परका. “आधी चूल, मग दार,” हे ते तिला इतक्यांदा बजावत की ओताकार त्यावरून तिला चिडवी, “हिच्या लग्नातही पाद्रीबाबाने घंटी वाजवली असती तर हिने आधी नवरदेव पेटवला असता.” स्वयंपाकघरात कोळशाची लोखंडी चूल होती आणि हिवाळ्यात ती पेटलेलीच असे.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात मास्तरांनी सात वह्या आणून तिच्या टेबलावर ठेवल्या. काळ्या मेणकापडी पुठ्ठ्याच्या, शाळेच्या. शाईने दोन्ही बाजूंनी भरलेल्या. ते आपल्या वडिलांच्या शेताबद्दल होतं. एक्कावन्न साली शेत सामुदायिक केलं, ‘धनदांडगे’ असा शिक्का मारून त्यांच्या कुटुंबाला एका लॉरीत बसवलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं. या गोष्टी आमच्याकडे घराघरात झाल्या आणि कुणीही त्या कागदावर आणल्या नाहीत. ज्याच्या घरात झाल्या तो भीत होता आणि ज्याने केल्या तो शेजारीच राहत होता.

“दुसरी प्रत कुठेय, मास्तर?” ब्लाझेनाने विचारलं.

“तू करशील ती दुसरी,” मास्तर म्हणाले. “घाई नको. नाताळ होऊ दे.”

वह्या तिच्याकडे आहेत हे तिघांनाच ठाऊक होतं. तिने पहिली वही त्याच आठवड्यात वाचली, टाइप करण्याआधी, जे ती कधी करत नसे. घर सोडायच्या सकाळी मास्तरांची आई सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना डुकराची चरबी लावते. बाहेर लॉरीवाला भोंगा वाजवतोय आणि ती चरबी लावतेय. तिशीतला मुलगा विचारतो, कशाला? ती म्हणते, नवीन येतील त्यांना दारं कुरकुरू नयेत. ब्लाझेनाने वही मिटली. आपण आजवर काय टाइप करत होतो हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं ती पुढे स्वतःशी म्हणे.

आता त्या इमारतीची एक गोष्ट सांगायला हवी. आख्ख्या इमारतीत न्हाणीचा टब एकट्या ब्लाझेनाकडे होता, रेल्वेवाल्या नवऱ्याने बसवलेला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे कार्प माशाशिवाय ताट वाढलं जात नाही. मासा जिवंत आणायचा आणि दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायचा, म्हणजे त्याचा चिखलाचा वास जातो. त्यामुळे दर वर्षी बावीस तारखेला सगळ्या इमारतीचे कार्प ब्लाझेनाच्या टबात पोहायला येत आणि दोन दिवस ती कचेरीच्या नळावर तोंड धूत असे. सगळ्यांत आधी येई तळमजल्यावरचा मिखालेक. इमारतीची देखरेख त्याच्याकडे होती आणि त्याची जीभ त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यासारखी सदा वाजत असे. तो जिन्यातूनच ओरडत यायचा, “ब्लाझेनाबाई, पाहुणा आला हो!”

त्या वर्षी तो वीस तारखेला आला. त्याचा मेहुणा तळ्यावरून परस्पर मासा घेऊन आला होता. आणि मिखालेकचा घसा बसला होता.

ब्लाझेना चुलीपाशी नाताळची बिस्किटं, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी भाजत होती. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. पांढरी गाडी, तिच्यातून उतरलेला जाड कोटातला, हॅट घातलेला अनोळखी माणूस. त्याच्यामागे आणखी एक हॅट, वरून चेहरा न दिसणारी. दोघं गाडीच्या आडून दरवाजात शिरले. जिन्यावर जड पावलं वाजली, पहिल्या मजल्यावर थांबली नाहीत, दुसऱ्यावर थांबली नाहीत. मग घंटी वाजली.

आधी चूल, मग दार. तिने चंद्रकोरींचा पत्रा जमिनीवर टाकला, चुलीचं दार उघडलं आणि वह्या घातल्या. दोन, मग दोन. पुठ्ठा पेट घेईना म्हणून तो फाडला. घंटी पुन्हा वाजली. सळईने तिने पानं सुटी केली, म्हणजे हवा लागावी. घंटी तिसऱ्यांदा वाजली तेव्हा सातवी वही आत होती आणि मेणकापडाचा काळा धूर तिच्या डोळ्यांत. तिने तोंड पुसलं, केस नीट केले आणि दार उघडलं.

दारात मिखालेक उभा. त्याच्या आणि मेहुण्याच्या मधे कपडे धुवायची पत्र्याची बादली, आणि बादलीत शेपूट आपटणारा चार किलोचा कार्प.

“झोपला होतात का काय, ब्लाझेनाबाई?” मिखालेक घोगऱ्या आवाजात म्हणाला. “हात भरून आले आमचे. आणि हे काय, चंद्रकोरी जाळल्यात? वास बघा कसला सुटलाय!”

ती बाजूला झाली. त्यांनी मासा टबात सोडला, पाणी चाखून बघावं तसं त्यात बोट घातलं आणि नाताळच्या शुभेच्छा देऊन ते गेले. ब्लाझेना चुलीपुढे बसली. सळईने तिने राख उलथीपालथी केली, एखादं पान राहिलं असेल म्हणून. राहिलं नव्हतं. तिने काम चोख केलं होतं.

सहा दिवसांनी दारावर बोटाने तीनदा वाजलं.

या सहा दिवसांत तिने शंभरदा मनाशी वाक्य जुळवलं होतं: मास्तर, घंटी वाजली आणि मी जाळलं, तुम्हीच सांगितलं होतं. एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण मास्तर विचारणार, कोण होतं? आणि मग कार्प म्हणावं लागणार. सहा वर्षांची कादंबरी, बिजागऱ्यांना चरबी लावणारी आई, आणि समोर काय, तर मासा! दर वर्षी येणारा, तिला पाठ असलेला मासा. गाव हसेल. मास्तरांच्या दुःखाला आयुष्यभर कार्पचं शेपूट चिकटेल. आणि ती स्वतः तर मेल्याहून मेली होईल. म्हणून मास्तर टोपी काढत आत आले तेव्हा तिच्या तोंडून निघालं, “मास्तर, वह्या नेल्या.”

“कुणी?”

“त्यांनी.”

“किती जण होते?”

“दोघं. हॅट घातलेले.”

मास्तर खुर्चीवर बसले. चेहरा पांढरा पडला, पण तो कोसळला नाही, आणि हे पाहून तिला वाटलं की आपण बरंच केलं. नेलेली वस्तू कुठेतरी असते. जाळलेली कुठेच नसते. त्या क्षणी तिला ही दया वाटली, आणि तिचं सगळं आयुष्य या दयेनेच पोखरलं.

“पावती दिली?” मास्तरांनी विचारलं.

तिला पावतीचं सुचलंच नव्हतं. आमचे पोलीस घराची झडती घेत तेव्हा नेलेल्या प्रत्येक चिठोऱ्याची पावती देत, सही घेत. या बाबतीत ते अगदी वाण्यासारखे काटेकोर. “नाही,” ती म्हणाली.

“बाकी काय उचकटलं? कपाट? गादी?”

“काही नाही.”

मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे त्यांना नेमकं ठाऊक होतं. सरळ आले, वह्या उचलल्या, गेले. पावती नाही, कारण कागदावर आणलं तर खबर कुठून मिळाली ते लिहावं लागतं. कुणाला तरी झाकताहेत.” ते तिच्याकडे बघत राहिले. “आपण तिघंच होतो, ब्लाझेना.”

तिने त्याच वेळी बोलायला हवं होतं. चूल तीन पावलांवर होती, टबात अजून मिखालेकच्या माशाचे खवले चिकटलेले होते. ती म्हणाली, “चहा टाकू?”

ओताकारला कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नसत. विचारलं तर उत्तर मिळतं, आणि मग काही करावं लागतं. मास्तरांनी फक्त त्याला भेटायचं सोडलं, आणि त्यावरून गावाने ओळखायचं ते ओळखलं. दारूच्या गुत्त्यात तो येऊन बसला की टेबलावरचं बोलणं फुटबॉलकडे वळे. दोनदा-तीनदा तो ब्लाझेनाकडे कार्बन घेऊन आला आणि तिने दाराच्या फटीतून ते घेतले.

“अगं, झालंय काय तुम्हा लोकांना?” एकदा तो म्हणाला. “आलोइस रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी काय त्याची कोंबडी चोरली?”

“त्यांची तब्येत बरी नसते, ओताकार.”

“आणि तुझी?”

तिने दार लावलं. पुढच्या महिन्यापासून कार्बन दुसरा कुणी आणू लागला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण खोट्याने दुसरं काम केलं ते त्याहून वाईट. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात तिने मास्तरांना धीर करून म्हटलं, “पुन्हा लिहा. तुम्हाला सगळं आठवतंय.” आणि त्यांना खरंच आठवत होतं. अठ्ठावन्न वय, डोकं लखलखीत. मास्तर हसले. “कशाला? त्यांच्या कपाटात आहे की. कोरडं कपाट, कुलूप, पहारेकरी. अगं, चेक भाषेतलं एखादं पुस्तक इतकं जपून कुणी ठेवलं असेल? सरकारं जातात, कागद राहतात. मला परत मिळेल.” आणि त्यांनी पुन्हा लेखणी धरली नाही. म्हणजे ब्लाझेनाने ती कादंबरी एकदा चुलीत जाळली आणि एकदा तोंडाने. पहिलीची सबब तिच्याकडे होती. दुसरीची नव्हती.

प्रायश्चित्त म्हणा, ती टाइप करत राहिली. आणखी बारा वर्षं, एकही संध्याकाळ न चुकवता. रशियन तुरुंगातल्या आठवणी, पोलिश निबंध, आपल्याकडच्या बंदी घातलेल्यांच्या कविता. जणू दुसऱ्यांच्या पुस्तकांची चवड लावून ते एक पुस्तक भरून निघणार होतं. ओताकारची बायको यार्मिला चौऱ्याऐंशीत गेली. अंत्ययात्रेला घरचे पाच आणि कारखान्याचे तिघे. ब्लाझेना समोरच्या बसथांब्यावर उभी राहिली आणि दोन बस तिने जाऊ दिल्या. नाव न घालता तिने फुलांचं चक्र पाठवलं. ते कुणाचं म्हणून ओताकारने फुलवालीकडे चौकशी केली, आणि त्या माउलीला ते आठवलं नाही.

एकोणनव्वदला सरकार गेलं. काल लपवलेली पुस्तकं आज दुकानांच्या काचेत आली, आणि दोन वर्षांत तिथेच धूळ खाऊ लागली, कारण वाचायची सक्ती नाही आणि बंदीही नाही म्हटल्यावर लोक आजवर दुकानात न मिळणारी केळी आणायला गेले. पण त्या पहिल्या उत्साहात गावच्या ग्रंथालयाने ब्लाझेनाचा सत्कार ठेवला. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “आता झडतीच्या त्या दिवसाबद्दल सांगा.” ब्लाझेनाने मास्तरांकडे पाहिलं. ते मान हलवून तिला धीर देत होते. मग तिने सांगितलं. पांढरी गाडी, जिन्यावरची पावलं, दोन हॅट. सगळं खरं होतं, फक्त शेवट सोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा शेवटच्या रांगेतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ओताकार कोट खांद्यावर टाकून बाहेर जात होता. गावाला ओताकारबद्दल जे बारा-तेरा वर्षं कुजबुजत ठाऊक होतं ते त्या दिवशी टाळ्यांसकट जाहीर झालं.

मास्तरांनी सरकारी दफ्तराला पत्रं लिहिली. माझ्या सात वह्या, काळा पुठ्ठा, जप्तीची तारीख वीस डिसेंबर. दर वेळी उत्तर येई: अशा झडतीची नोंद आढळत नाही. “आढळणार कशी?” मास्तर म्हणत. “नव्वदच्या आधी चार आठवडे त्यांनी फाइली पोत्यांनी जाळल्या. पण वह्या नाही जाळणार. वह्या कुणीतरी घरी नेल्या असणार.” त्यांचं वय वाढत गेलं तशा त्या वह्या अधिक थोर होत गेल्या.

मग कायदा झाला, आपली फाइल आपल्याला वाचता येऊ लागली. नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी ब्लाझेनाच्या दारावर बोटाने तीनदा वाजलं. तिने उघडलं. ओताकार होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कानांत केस, बगलेत पुठ्ठ्याची फाइल.

“आत घेतेस की फटीतूनच?” तो म्हणाला.

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. त्याने फाइल उघडून प्रती पसरल्या. “वाच. चष्मा लाव आणि मोठ्याने वाच.”

तिने वाचलं. एकोणऐंशी साली ओताकार ड्रोझ्दा याला चार वेळा बोलावण्यात आले. वावेर्का या व्यक्तीविषयी विचारता, आपल्याला वाचनाची आवड नाही असे सांगतो. सहकार्य केल्यास मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळेल असे सुचवले असता, मुलगी शिवण शिकेल असे म्हणाला. शेरा: सहकार्यास अपात्र. उद्धट.

“उद्धट!” ओताकार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतक्या वर्षांनी थोडा अभिमान होता. “शिक्क्यासकट आहे. त्यानंतर मला कोठारातून काढून ट्रक भरायला लावलं. बरं, माझं राहू दे. आता हे बघ. सत्त्याहत्तरचा सगळा डिसेंबर इथे आहे. आलोइसवर पाळत होती, मी त्याच्याबरोबर कधी बियर प्यालो तेसुद्धा लिहिलंय. पण तुझं नाव कुठेच नाही. तुझ्याकडे कोणी आलंच नव्हतं, ब्लाझेना. त्यांना तू आहेस हेच ठाऊक नव्हतं.”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी रागवायला आलो नाही,” तो म्हणाला. “राग गेला. मला फक्त समजत नाही. बावीस वर्षं डोक्यात भुंगा आहे. काय झालं होतं?”

मग तिने सांगितलं. चंद्रकोरी, गाडी, हॅट, चूल. शेवटी बादली. ओताकार ऐकत राहिला. तो हसेल असं तिला वाटत होतं, बावीस वर्षं तिला त्या हसण्याचीच भीती वाटली होती. तो हसला नाही.

“मासा होता म्हणून,” तो हळूच म्हणाला. “अगं, मला सांगायचंस. मी कुणाला सांगितलं नसतं.”

“माहीत आहे.”

“यार्मिलाला शेवटपर्यंत वाटत होतं, काहीतरी मी केलं असेन. तोंडाने बोलली नाही कधी. पण वाटत होतं तिला.” त्याने प्रती गोळा केल्या. “आलोइसला सांगशील?”

“आत्ता चल,” ब्लाझेना म्हणाली. तिने एप्रनही काढला नाही, वरून कोट चढवला.

मास्तर तेव्हा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होते, ऐंशीला टेकलेले, पाय गेलेले पण डोकं शाबूत. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. ओताकारला पाहून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. ओताकार दाराशीच टोपी हातात धरून उभा राहिला. ब्लाझेना मास्तरांच्या पुढ्यात स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, या वेळी शेवटासकट. काही गाळलं नाही. कार्प चार किलोचा होता हेही सांगितलं. मी भ्याले, मग लाजले, मग खोटं बोलले, असं म्हणाली. ओताकारने काही केलेलं नाही. वह्या कुठेही नाहीत.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच ओताकारकडे पाहिलं. “बाईमाणसाला पुढे घालून आलास होय रे?” ते म्हणाले. “बावीस वर्षांनी? काय सांगितलंस हिला? मरायच्या आधी आपलं नाव धुऊन दे म्हणून?”

“मास्तर, त्याने काही सांगितलं नाही,” ब्लाझेना म्हणाली. “त्याची फाइल बघा. त्यात लिहिलंय.”

“फाइल त्यांनीच लिहिलेली आहे ना?”

“मी जाळल्या हो, मास्तर. माझ्या हाताने. पहिली वही मी वाचली होती. तुमची आई बिजागऱ्यांना चरबी लावते, नवीन माणसांना दारं कुरकुरू नयेत म्हणून. भोंगा वाजत असतो. तुम्ही विचारता, कशाला. ते सगळं गेलं, मास्तर.”

मास्तरांचे डोळे एकदम भरून आले. ओताकार एक पाऊल पुढे आला.

“बघ,” मास्तर म्हणाले, आणि ते तिच्याशीच बोलत होते, “एकदा वाचलंस आणि तुला अजून आठवतंय. असं होतं ते. असलं कुणी जाळत नाही, पोरी. ज्याच्याकडे असेल तोही नाही जाळणार.”

ऐंशीव्या वर्षी माणसाकडून एका दुपारी एवढं काढून घेता येत नाही. पुस्तक गेलं म्हणायचं, आणि ज्याला दोष दिला तो निर्दोष होता म्हणायचं, आणि जिच्यावर विश्वास ठेवला ती खोटी होती म्हणायचं. मास्तरांना हे समजत नव्हतं असं नाही. मला वाटतं, क्षणभर समजलं होतं, आणि त्यांनी ते दार लावून घेतलं.

ओताकारने टोपी घातली. “राहू दे, ब्लाझेना,” तो म्हणाला, “दमवू नकोस त्याला.” आणि तो फाइल घेऊन निघून गेला.

“मी जाळल्या,” ब्लाझेना पुन्हा म्हणाली.

मास्तरांनी तिचा तो वाकड्या बोटांचा हात हातात घेतला आणि थोपटला. “तुझा जीव मोठा आहे,” ते म्हणाले. “त्याच्यासाठी एवढं अंगावर घेतेस. सगळ्या गावात तू एकटीच माझ्याशी खरी वागलीस.” मग त्यांनी नर्सला हाक मारून तिच्यासाठी चहा आणायला सांगितला.